अबिसिनियाचे ब्रिटिश वकील: रस्सामची ओळ अखेर बसली

मंडळी, रस्सामची ओळ बसली. अबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, ब्रिटनने पाठवलेल्या वकिलांची (राजदूतांची) जी यादी मी करतो आहे, ती मागच्या नोंदीनंतर १८६४पाशीच रुतली होती. ती सुटल्याशिवाय पुढच्या काळातल्या वकिलाकडे, हॅरिंग्टनकडे, वळायचं नाही, असं ठरवलं होतं. सुटली ती मुंबईच्या बाजूने.

ज्यांनी कॅमेरॉनची नोंद करून पाहिली आहे त्यांना ही अडचण नवी नाही. कॅमेरॉनच्या आधीचा कॉन्सल (परदेशातला सरकारी प्रतिनिधी) प्लाउडन, त्याच्यापर्यंत सगळं सरळ चालतं. १८४८ला लंडनहून कॉन्सल म्हणून नेमणूक, ठाणं तांबड्या समुद्रावरच्या, तुर्कांच्या ताब्यातल्या मसावा बंदरात, पुढच्या वर्षी तिथला सत्ताधीश रास अली याच्याशी तह, मग सम्राट तेवोद्रोसशी दाट मैत्री, आणि १८६०मध्ये गोंदरजवळ बंडखोरांनी केलेल्या जखमांनी मृत्यू. 'पासून' आणि 'पर्यंत' दोन्ही रकाने भरले. त्याच्या जागी आलेला चार्ल्स डंकन कॅमेरॉन मात्र काही केल्या मावत नाही. नेमणूक १८६०ची, मसावाला पोहोचला १८६२च्या फेब्रुवारीत. त्याच वर्षी तेवोद्रोसची भेट झाली, सम्राटाने राणी व्हिक्टोरियाला पत्र लिहिलं, आणि लंडनने ते उत्तर न देता ठेवून दिलं. जानेवारी १८६४मध्ये कॅमेरॉन कैदेत पडला. कामकाज तिथे थांबलं, पद मात्र गेलं नाही. सुटका एप्रिल १८६८मध्ये, पेन्शनवर गेला त्याच वर्षाच्या डिसेंबरात.

मग 'पर्यंत'मध्ये काय लिहायचं? मी १८६८च्या बाजूचा आहे, आता तर ठामपणे. बेड्या घातल्या म्हणून कॉन्सल पदावरून उतरत नाही. राणीचा प्रतिनिधी कैदेत आहे, हेच तर पुढच्या ब्रिटिश लष्करी मोहिमेचं मोठं कारण होतं.

पण १८६८ धरलं की होर्मुझ्द रस्सामची पंचाईत होते. कैद्यांच्या सुटकेसाठी राणीचं पत्र घेऊन तो १८६४च्या जुलैत मसावाला उतरला. आत येण्याची परवानगी मिळायला वर्षाहून जास्त गेलं. जानेवारी १८६६मध्ये सम्राटापुढे उभा राहिला आणि एप्रिलमध्ये तोही अडकला. त्याला कॅमेरॉनचा उत्तराधिकारी म्हणावं तर कॅमेरॉन अजून पदावर. गाळावं तर दोन वर्षं सम्राटाशी बोलणी करणाऱ्या माणसावरच अन्याय. फॉरिन ऑफिसच्या (ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या) कॉन्सलांच्या याद्या पुन्हा पुन्हा चाळल्या. (स्कॅन केलेल्या याद्या यंत्राकडून वाचून घेण्यावर माझा विश्वास उरलेला नाही. शेजारशेजारचे रकाने एकमेकांत मिसळतात आणि एकाचं गाव दुसऱ्याच्या नावापुढे जातं. डोळ्यांनी वाचणं हाच खरा मार्ग.)

आणि मग लक्ष रस्सामच्या नोकरीकडे गेलं. जन्माने तो मोसुलचा, पण नोकरीला एडनच्या पोलिटिकल रेसिडेंटचा (तिथल्या ब्रिटिश प्रमुखाचा) सहायक. १८३९मध्ये घेतलेलं एडन मुंबई इलाख्याच्या कारभारात होतं. बरोबर गेलेले डॉ. हेन्री ब्लँक आणि लेफ्टनंट प्रिडो, हे दोघेही मुंबईच्याच चाकरीतले. पत्र लंडनचं आणि माणसं मुंबईची! कॉन्सलांच्या मालिकेत रस्साम कधी नव्हताच, मग तिथे त्याची जागा कशी सापडणार?

म्हणून दोन नवे रकाने घातले: 'कोणी पाठवलं' आणि 'मूळ चाकरी कुठली'. कॅमेरॉन कॉन्सल, १८६० ते १८६८. रस्साम खास वकील, १८६४ ते १८६८. दोन्ही ओळी एकाच वेळी चालतात आणि एकमेकींना धक्काही लागत नाही. हे पाहताना झालेला आनंद तुम्हालाच कळेल.

रकाने घातल्यावर जुन्या ओळीही हलल्या. प्लाउडनची मूळ चाकरी भरायला गेलो तर तिथे आली कलकत्त्याची कार, टागोर अँड कंपनी, म्हणजे द्वारकानाथ टागोरांची पेढी! एकोणिसाव्या वर्षी तो तिथे कामाला लागला होता. आणि आजवर तळटीपेत ठेवलेला कॅप्टन विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस थेट पहिल्या ओळीत आला. तो बॉम्बे इंजिनिअर्सचा अधिकारी. मुंबई सरकारने १८४१मध्ये त्याला इथिओपियातल्या शोआ राज्याचा राजा साहले सेलासी याच्याकडे धाडलं आणि त्याच वर्षी त्याने तह करून घेतला. शोआ म्हणजे सगळा इथिओपिया नव्हे, हा आक्षेप येईल. पण रास अलीची सत्ता तरी कुठे सगळ्या मुलखावर होती? प्लाउडनला एक माप आणि हॅरिसला दुसरं, हे बरोबर नाही. शिवाय पुढे सगळा देश एका छत्राखाली आणणारा मेनेलिक हा याच साहले सेलासीचा नातू. हॅरिस पुण्याजवळ तापाने वारला तो १८४८मध्ये, प्लाउडनच्या नेमणुकीच्याच वर्षी.

'शेरा' रकान्यात सहसा फार लिहीत नाही, पण एक वस्तू घातली. प्लाउडनला दिलेल्या वागणुकीबद्दल आभार म्हणून राणीने तेवोद्रोसला पिस्तुलं भेट पाठवली, आभाराचा मजकूर कोरून. ती पोहोचवली कॅमेरॉनने. १३ एप्रिल १८६८ला मुंबईहून आलेलं ब्रिटिश सेनापती नेपियरचं सैन्य मगदलाच्या किल्ल्यात शिरलं, तेव्हा सम्राटाने स्वतःवर गोळी झाडली ती राणीच्या भेटीतल्याच पिस्तुलाने. प्लाउडन आणि कॅमेरॉन, दोघांच्याही ओळीत हा शेरा ठेवला आहे.

मगदलानंतर १८९७पर्यंतची जागा रिकामीच राहील. तिथे हेवेट (१८८४) आणि पोर्टल (१८८७) या ब्रिटिश दूतांना कायमचे प्रतिनिधी म्हणून बसवणारे आहेत, ते मला पटत नाही. ते मोहिमेपुरते आले नि गेले. आत्ता लिहिता लिहिता सुचतंय, हेवेट तर आरमाराचा ॲडमिरल, हिंदी महासागरातल्या ताफ्याचा प्रमुख. म्हणजे लंडन आणि मुंबई यांच्या जोडीला 'आरमार' असा तिसरा पर्याय लागणार. १८९७च्या ब्रिटिश दूत रॉडच्या शिष्टमंडळापासून धागा पुन्हा सलग होतो.

पुढचा बेत बदलला आहे. हॅरिंग्टन थांबेल. आधी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात बसून एडन आणि हॅरिसचे कागद पाहायचे. हॅरिसने इथिओपियावर लिहिलेल्या पुस्तकाची नवी छापील प्रत मात्र कोणी घेऊ नका. मी मागवली, तर त्यातला नकाशा घडी न उलगडताच स्कॅन केलेला निघाला. जुनी प्रत ग्रंथालयात पाहिलेली बरी.

फ्रेंच यादी करणाऱ्यांना एक विनंती. तुमचा लागार्द एकीकडे जिबुतीच्या वसाहतीचा गव्हर्नर आणि दुसरीकडे १८९७पासून मेनेलिकच्या दरबारात फ्रान्सचा वकील. त्याला हे दोन रकाने लावून बघा आणि काय होतं ते कळवा. तुमच्याकडेही ते चालले तर इटालियन यादीही याच साच्यात घेऊ.