मांडवा ते पणजी किती डिझेल? आमच्या यॉटच्या वेग आणि इंधनाच्या मोजणीचा अनुभव

मुंबई ते गोवा हे अंतर समुद्रमार्गे सुमारे २२५ सागरी मैल आहे आणि आमच्या यॉटच्या दोन टाक्यांमध्ये मिळून १,२०० लिटर डिझेल मावते. वाटेत कोठेही इंधन न भरता पणजीला पोहोचता येईल का, आणि पोहोचल्यावर टाकीत किती शिल्लक राहील, या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते. इंजिनाच्या पुस्तिकेत एक आलेख होता, आधीच्या मालकाने तोंडी सांगितलेला एक आकडा होता आणि बोट चालवणाऱ्या आमच्या तांडेलाचा अनुभवावर आधारलेला एक अंदाज होता. तिघांचे मिळून एकमत होत नव्हते. कोकण किनाऱ्यावरच्या बंदरांत खासगी यॉटला धक्क्यावरच डिझेल मिळेल असे धरून चालता येत नाही. बहुतेक वेळा ते बाहेरून कॅनमध्ये आणावे लागते. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या बोटीचे आकडे आपणच मोजायचे, असे मी ठरवले.

आमची बोट ४२ फुटांची आहे, पाण्यालगतची लांबी ३८ फूट, वजन सुमारे १४ टन आणि इंजिने दोन, प्रत्येकी २६० अश्वशक्तीची. तळाचा आकार असा आहे की ती सावकाशही नीट चालते आणि जोर लावला तर अर्धवट पाण्यावर उचलली जाऊन साडेसोळा नॉटपर्यंत (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) धावते. अशा बोटीच्या बाबतीत ‘तासाला किती लिटर’ हा एकच आकडा विचारण्यात फारसा अर्थ नसतो. प्रवासाच्या हिशेबाला लागतो तो प्रत्येक सागरी मैलामागे लागणाऱ्या डिझेलचा आकडा आणि तो वेगाबरोबर कसा बदलतो याचे ज्ञान.

यामागचे कारण १८७० च्या दशकात विल्यम फ्राउड यांनी इंग्लंडमधील टॉर्की येथे लहान प्रतिकृती पाण्याच्या हौदात ओढून दाखवून दिले होते. चालती बोट लाटा निर्माण करते आणि वेग वाढेल तशी त्या लाटांची लांबी वाढत जाते. लाटेची लांबी बोटीच्या लांबीएवढी झाली की बोट स्वतःच उठवलेल्या दोन शिखरांच्या मध्ये अडकते आणि पुढच्या शिखरावर चढण्यात इंजिनाची शक्ती खर्च होऊ लागते. पाण्यालगतची लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की हा वेग नॉटमध्ये मिळतो, आमच्या बोटीसाठी सव्वाआठ नॉटच्या किंचित वर. त्याच्या आत लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तासाचा खर्चही त्याच चालीने वाढतो आणि मैलामागचा खर्च वर्गाच्या प्रमाणात. त्याच्या पलीकडे काही अंतर हा नियमही अपुरा पडतो. हे सगळे मला वाचून माहीत होते, परंतु आमच्या बोटीत ती चढण नेमकी कोठे सुरू होते आणि किती उभी आहे, हे मोजल्याशिवाय कळणार नव्हते.

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो डिझेल मोजण्याच्या पद्धतीचा. आमची इंजिने जुन्या, यांत्रिक पंपाच्या पद्धतीची आहेत. नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांत इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून संगणकच तासाचा खर्च दाखवतो, ती सोय येथे नाही. पुरवठ्याच्या नळीवर मीटर बसवला की काम झाले, असे अनेकांना वाटते. पण डिझेल इंजिन टाकीतून जेवढे डिझेल ओढते तेवढे जाळत नाही, उरलेले रिटर्न लाइनमधून टाकीत परत पाठवते. समजा इंजिनाने तासाला ९० लिटर ओढले आणि ८३ परत पाठवले, तर खरा खर्च ७ लिटर. आता दोन्ही नळ्यांवरचे मीटर एकेक टक्का जरी उलटसुलट चुकले, तरी वजाबाकीत पावणेदोन लिटरांचा फरक पडतो, म्हणजे सातामागे जवळजवळ पाव हिस्सा. शिवाय परत येणारे डिझेल इंजिनाच्या उष्णतेने तापलेले असते. तापमान २५ अंशांनी वाढले तर त्याचे आकारमान सुमारे दोन टक्क्यांनी फुगते आणि खर्च आहे त्यापेक्षा कमी दिसतो. टाकीत पट्टी बुडवून मोजावे, तर डोलत्या बोटीत रुंद टाकीतला एक सेंटिमीटर म्हणजे कित्येक लिटर.

म्हणून मी आकारमानाऐवजी वजनाचा मार्ग धरला. जहाजांच्या इंजिनांचे काम करणाऱ्या एका अनुभवी मेकॅनिककडून पुरवठा आणि रिटर्न या दोन्ही नळ्यांवर तीन तोंडांचे व्हॉल्व्ह बसवून घेतले, जेणेकरून इंजिनाला मुख्य टाकीऐवजी वेगळ्या, घट्ट बांधलेल्या ४० लिटरच्या धातूच्या टाकीवर घेता येईल आणि परत येणारे डिझेलही त्याच टाकीत पडेल. बोट ठरलेल्या वेगावर स्थिर झाली की दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी फिरवायचे, ठरलेला वेळ संपला की पुन्हा मुख्य टाकीवर यायचे आणि ती लहान टाकी धक्क्यावर आणून काट्यावर तोलायची. आधीचे आणि नंतरचे वजन यांतला फरक ०.८४ ने भागला की लिटर मिळतात, आणि तापमानाचा प्रश्नच उरत नाही. इंजिनाच्या खोलीत डिझेलचे जोड सोडणे हे आगीच्या दृष्टीने धोक्याचे काम आहे. जाणकार माणूस, मजबूत नळ्या आणि हाताशी अग्निशामक असल्याखेरीज कोणीही ते करू नये, असे मी आवर्जून सांगेन.

वेगाची मोजणीही तेवढीच काळजीने करावी लागली. जीपीएस जमिनीच्या संदर्भातला वेग दाखवतो, परंतु इंजिन काम करते ते पाण्याविरुद्ध, आणि मुंबईच्या परिसरात भरती-ओहोटीचा ओढ दुर्लक्ष करण्यासारखा नाही. आम्ही उधाणाचे दिवस टाळून अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती निवडली, कारण तेव्हा ओढ सर्वांत मंद असतो. तरीही प्रत्येक वेगाला एकाच रेषेवर एकदा जायचे, एकदा उलट यायचे आणि पुन्हा जायचे, असा क्रम ठेवला. तिसरी फेरी आवश्यक असते, कारण दोन फेऱ्यांच्या दरम्यान ओढ स्वतःच बदलत असतो. एका वेगाला जाताना ९.२, येताना ६.९ आणि पुन्हा जाताना ९.० नॉट मिळाले. मधल्या फेरीला दुप्पट महत्त्व देऊन सरासरी काढली की पाण्यातला खरा वेग ८.० नॉट येतो.

जागेची निवड हा मुद्दा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मांडव्याजवळ पाणी उथळ आहे, आणि उथळ पाण्यात लाटांचा अडथळा वाढतो. पाच मीटर खोलीवर लाट जास्तीत जास्त साडेतेरा नॉटने जाऊ शकते आणि बोटीचा वेग त्याच्या दोन-तृतीयांशावर गेला की तळाचा परिणाम जाणवू लागतो. याचा अर्थ नऊ-दहा नॉटचे आमचे आकडे तेथे विनाकारण वाढून आले असते. म्हणून खांदेरी बेटाच्या बऱ्याच पश्चिमेला, खोली १५ मीटरच्या पुढे गेल्यावर, सकाळी वारा पडलेला असताना आम्ही मोजणी केली. टाक्या अर्ध्या भरलेल्या होत्या. डिझेलच्या पूर्ण आणि रिकाम्या टाकीत एक टनाचा फरक असल्यामुळे हे नोंदवून ठेवणे गरजेचे होते.

मोजणीआधी बोट वर काढून तळ खरवडून घेतला आणि शेवाळरोधक रंग दिला. त्यापूर्वी पूर्ण थ्रॉटलला इंजिने मिनिटाला २,४३० फेऱ्यांच्या वर जात नव्हती, खरवडल्यावर २,५९० पर्यंत गेली. उत्पादकाची मर्यादा २,६०० ची आहे. या एका तपासणीवरून पंख्याचा (प्रोपेलरचा) आकार योग्य आहे आणि इंजिनावर जास्तीचा भार नाही, हे कळते. मळलेल्या तळाने ८ नॉटला तासाला १७ लिटर लागत होते, ते स्वच्छ तळाने १४ वर आले.

दोन्ही इंजिनांचे मिळून हाती आलेले आकडे असे. ६ नॉटला तासाला ६ लिटर, म्हणजे मैलाला एक लिटर. ७ नॉटला पावणेनऊ, म्हणजे मैलाला सव्वा लिटर, आणि ८ नॉटला १४, म्हणजे मैलाला पावणेदोन. येथपर्यंत चढण सौम्य आहे. ९ नॉटला मात्र तासाचा खर्च २४ लिटरांवर गेला आणि १० नॉटला ३४ वर, म्हणजे मैलाला ३.४ लिटर. आठावरून दहावर जाण्यासाठी, म्हणजे तासाला फक्त दोन मैल जास्त कापण्यासाठी, प्रत्येक मैलाचा खर्च जवळजवळ दुप्पट झाला. या टप्प्यात नाळ, म्हणजे बोटीचा पुढचा भाग, वर उचलली जाते, मागे उंच लाट उठते आणि इंजिनांचा सूर जड होतो. सहलीच्या यॉटवर सर्वांत जास्त डिझेल येथेच वाया जाते, कारण ‘थोडे हळू चालवतो’ म्हणणारे बरेचजण नेमके याच वेगांवर चालवतात, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. पुढे आश्चर्य वाटावे असे घडते. १२ नॉटला ५० लिटर आणि १५ ला ७२, म्हणजे मैलाला ४.१७ आणि ४.८. बोट काही अंशी उचलली गेल्यामुळे चढण मंदावते. पूर्ण थ्रॉटलला साडेसोळा नॉट मिळतात, पण तासाला १०४ लिटर जातात.

एका इंजिनावर चालून पाहावे का, असे मला अनेकांनी सुचवले होते. थांबलेल्या पंख्याचा अडथळा आणि सुकाणू सतत तिरके ठेवावे लागणे यामुळे आमच्या बोटीत बचत नगण्य निघाली. शिवाय फिरत्या पंख्याने बंद इंजिनाच्या गिअरबॉक्सला वंगण मिळते की नाही हा प्रश्न असतोच.

या आकड्यांवरून गोव्याचा हिशेब मांडला. एकूण डिझेलपैकी पाचवा हिस्सा राखीव ठेवला तर वापरायला ९६० लिटर उरतात. १५ नॉटने २२५ मैलांना १,०८० लिटर लागतात, म्हणजे तो वेग बादच. साडेसात नॉटने तासाला ११ लिटरप्रमाणे ३० तासांत ३३० लिटर, आणि जनरेटरचे तासाला दोन याप्रमाणे आणखी ६०. जनरेटरचा हा खर्च सावकाश प्रवासात हिशेबाबाहेर राहू नये, कारण वेग कमी तितके तास वाढतात. एवढ्या कमी भारावर मोठी इंजिने पुरेशी तापत नाहीत आणि काजळी धरतात, म्हणून दर काही तासांनी पंधरा मिनिटे त्यांना चढ्या फेऱ्यांवर चालवायचे ठरवले आणि त्यासाठी ३० लिटर वेगळे धरले. असा एकूण अंदाज ४२० लिटरांचा झाला.

नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही निघालो. दर तीन तासांनी टाकीचे माप आणि कापलेले अंतर वहीत लिहीत गेलो. जयगडच्या आडोशाला येईपर्यंत मैलामागचा खर्च अंदाजापेक्षा सुमारे सात टक्के जास्त येत होता, तरी पाण्यातला वेग आणि इंजिनाच्या फेऱ्या मोजणीप्रमाणेच होत्या. फरक होता तो प्रवाहाचा. हिवाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा सागरी प्रवाह उत्तरेकडे वाहतो, त्यामुळे दक्षिणेला जाणाऱ्या बोटीला तो समोरून येतो. अर्धा नॉट विरोधी प्रवाह धरला तर साडेसात नॉटच्या वेगाला नेमका एवढाच फरक पडतो. वेंगुर्ल्याच्या खडकांवरचा दीप मागे टाकून मांडवीत शिरलो आणि टाक्या पुन्हा भरल्या, तेव्हा जनरेटरसह ४४५ लिटर डिझेल मावले.

परतीच्या प्रवासात हा प्रवाह पाठीशी असतो, परंतु दुपारनंतरचा वायव्य वारा तोंडावर येतो आणि लहान उभ्या लाटांवर बोट आपटून वेग तुटतो. म्हणून पणजीहून संध्याकाळी वारा मंदावू लागताच निघायचे, रात्रभर सात नॉटने चालायचे, मासेमारी बोटींची जाळी दिसतील तेथे आणखी हळू व्हायचे आणि दुपारच्या वाऱ्याच्या वेळी आडोशाच्या बंदरात नांगर टाकायचा, असा क्रम आम्ही ठेवला. त्या प्रवासात मैलामागचा खर्च मोजणीच्या सव्वा लिटरांपेक्षाही किंचित कमी आला.