कोऱ्या भिंतीचं आमंत्रण : माझा अनुभव

गावात जाऊन भिंतीवर चित्र आखायचं आणि गावकऱ्यांच्या हाती रंगाचे डबे द्यायचे, याला लोकसहभाग म्हणायला माझं मन धजत नाही. त्यात लोकांचे हात घेतले जातात, विचार घेतला जात नाही. म्हणून आमच्या वर्ध्याच्या चित्रकारांच्या गटानं आर्वी तालुक्यातल्या एका गावात काम करायचं ठरवलं, तेव्हा सोबत एकही रेखाटन न्यायचं नाही, यावर मी अडून बसले.

विषय 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ठेवला. सरपंचताईंचा होकार आधीच होता, पण हरकती चारचौघांत निघालेल्या बऱ्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते आणि खरं काम तिथेच झालं. आमच्या डोक्यात शाळेची भिंत होती. एक आजी म्हणाल्या, "शाळेची भित सिमिटाची हाये पोरी. तिच्यावर माती धरत नाई. उनायात पापडी निंगते." त्यांनीच रस्त्यावरचं जुनं मातीचं गोदाम सुचवलं. दुसरीनं लगेच सेवाग्रामची आठवण काढली. तिथल्या गांधीजींच्या बापू कुटीच्या भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेननं मातीतच ताडाची झाडं उठवली आहेत, ती तिनं सहलीत पाहिली होती. भिंत तिथेच ठरली.

गोदाम तिघा भावांच्या सामायिक मालकीचं, त्यातला एक नागपूरला. साध्या कागदावर तिघांच्या सह्या मिळवण्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. पण ते संमतीपत्र ग्रामपंचायतीत जमा केल्याशिवाय भिंतीला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

कापसाची वेचणी आटोपली तशी माणसं मोकळी झाली. तळ्याची माती, शेण आणि कुटार, म्हणजे पिकाचा भुसा, पायांनी तुडवून चिखल केला. सुटलेले पोपडे काढले, भिंत पाण्यानं भिजवली, मगच पहिला हात दिला. तो वाळला की भेगा पडतात. त्या बुजवून वर गाळलेल्या मातीचा पातळ थर आणि शेवटी पोतारा, म्हणजे पांढऱ्या मातीचा फडक्यानं फिरवलेला हात. हे सगळं बायांनी आम्हाला शिकवलं. आमच्याकडून गेरू, काजळी आणि रंग धरून ठेवायला भिजवलेला डिंक, एवढंच.

भिंत तयार झाली आणि सगळे मागे सरले. "आमाले चित्र नाई येत." ब्रश कुणी घेईना. एक काकू तेवढ्यात भिंतीच्या पायथ्याशी गेरूचा पट्टा देत होत्या, दिवाळीला घराला देतात तसा. पट्टा संपला, हाताला गेरू उरला. त्यांनी चार बोटं ओल्या पोताऱ्यावर ठेवली आणि मनगट फिरवून सारवणाची कमान ओढली. शेजारी दुसरी, तिला लागून तिसरी. मी नुसती बघत राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "हे तं वावर झालं." मग बायांची रांगच लागली आणि भिंतभर नांगरल्या शेतासारखे तास उमटले. त्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आली, पोरींनी गाणी म्हणत पुजतात ती भुलाबाई बसवली. आमच्यातल्या एकानं बैलजोडी काढली, तर एक आजोबा पुढे झाले, "जू इतकं खाली नसते बाप्पा!" ओल्या फडक्यानं पुसून त्यांनी कोळशानं खांदे नीट करून दिले. इतका अचूक खांदा आमच्यापैकी कुणालाच जमला नसता.

पक्षाची चिन्हं नकोत, हे लोकांनी आपसांत ठरवलं. नावं कुणाची लिहायची यावर मात्र बराच वाद झाला. अखेर एका कोपऱ्यात ज्याला हवा त्यानं हाताचा ठसा उमटवला. आमच्या गटाचं नाव लिहायचं नाही, असं मीच सुचवलं.

पावसाळ्याआधी खालच्या भागाला तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांची, तट्टी लागेल. दिवाळीच्या पोताऱ्याला बायांनी आम्हाला बोलावलं आहे. जुनं चित्र ठेवायचं की त्यावर पोतारा फिरवून नवं काढायचं, ते महिला सभेत ठरणार आहे.