देवळातल्या लादीचा हिरवा डाग

तळाशीलला गड नदी समुद्राला मिळते. तिथून नदीच्या उलट्या दिशेने कणकवलीपर्यंत जायचं ठरवलं होतं. वैशाखातली दुपार, उन्हाने जीव नकोसा झालेला, म्हणून वाटेतल्या एका देवळात थांबलो. जांभ्याच्या पायऱ्यांवर पाय ठरत नव्हता, पण सभामंडपात नव्यानेच बसवलेली संगमरवरी फरशी गार होती. जरा पाठ टेकली आणि बाजूच्या लादीत तळहाताएवढा हिरवा डाग दिसला.

भिंग खिशात असतंच. उपडा झोपून ते लावलं. एका ठिपक्यातून चहूबाजूंना फुटलेल्या फिकट हिरव्या, रेशमी चमकीच्या सुया! ट्रेमोलाइट नावाचं खनिज. कडेला चिमूटभर सोनेरी-तपकिरी पापुद्रे, म्हणजे फ्लोगोपाइट, संगमरवरात सापडणारा अभ्रक.

"काय पडला काय ओ तुमचा?" गुरवकाका.

"काही नाही काका, हा डाग बघतोय."

"तो जाणा नाय. सोड्यान घासलंय, लिंबू चोळलंय. ठेकेदारान डागाचो माल गळ्यात मारल्यान."

लिंबू नका लावू, म्हटलं. लिंबाच्या आंबटाने संगमरवरातला चुना विरघळतो, पांढऱ्या भागाची झिलई जाते आणि डाग आहे तिथेच राहतो. मग भिंग त्यांच्या हातात दिलं. बराच वेळ डोळा लावून बसले. "माडाचो झाप दिसता," एवढंच म्हणाले. मला इतकी नेमकी उपमा सुचली नव्हती.

ही फरशी राजस्थानची. तिथला चुनखडक शंभर कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या समुद्रात साचला. तळाशीलच्या वाळूत पायाला टोचणारे शिंपलेही चुन्याचेच, पण त्या काळी शिंपल्यात राहणारे जीव जन्मालाच आले नव्हते. तो चुना समुद्राच्या पाण्यातून थेट आणि सूक्ष्मजीवांच्या थरांमधून साचला. पुढे तो खोल गाडला गेला, दाबाने आणि उष्णतेने न वितळता त्याचे कण नव्याने जुळले आणि संगमरवर झाला. चुना अगदी निर्भेळ असेल तर लादी पांढरीशुभ्र निघते, आणि मला विचाराल तर तिच्यात वाचण्यासारखं फारसं उरत नाही. पण मॅग्नेशियमवाल्या चुनखडकात थोडी वाळू मिसळलेली असेल तर आधी ट्रेमोलाइट तयार होतं, ताप आणखी वाढला की डायोप्साइड, त्याहून वाढला की फॉर्स्टराइट. चिकणमातीतलं पोटॅशियम मिळालं तर फ्लोगोपाइट. म्हणजे खडक किती तापला होता, हे डागावरून कळतं. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्या लादीवरची चटई सरकवून दुसरीकडे नेली.

संध्याकाळी वागद्याला पोचलो. कोकणात संगमरवर नाही. उत्तरेला लाव्हाचा काळा कातळ, वर जांभा. पण कणकवलीच्या आसपास त्याखालचे फार जुने, रूपांतरित खडक वर आले आहेत आणि वागदे-जानवलीच्या पट्ट्यात क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचं काळं खनिज आहे. नदीपात्रात शंखजिऱ्यासारखा बुळबुळीत लागणारा हिरवट दगड हाताळला आणि शेजारचा काळा खडा उचलला. आकाराच्या मानाने चांगलाच जड. टपरीवर चहा घेतला, रिकाम्या कपाच्या बुडाची बिनझिलईची कड शोधली आणि खडा तिच्यावर घासला. रेघ तपकिरी उमटली. मॅग्नेटाइटची, म्हणजे तसंच काळं, जड दिसणाऱ्या लोहखनिजाची, काळी आली असती. क्रोमाइटच!

यातला क्रोमियम हा धातू संगमरवरात शिरला तर काय करतो, ते म्यानमारमधल्या मोगोकला दिसतं. तिथल्या पांढऱ्या संगमरवरात ॲल्युमिनियमचं कुरुंद तयार झालं आणि त्यात क्रोमियमचा जेमतेम अंश आला, तेवढ्याने ते लाल झालं. तेच माणिक. त्याच मोगोकच्या परिसरात १९५० च्या दशकात पेनाइट हे दुर्मीळ खनिज सापडलं. आर्थर पेन या ब्रिटिश रत्नपारख्याचं नाव १९५७ मध्ये त्याला मिळालं. त्यात बोरॉन आणि झिर्कोनियम एकत्र आहेत, आणि हे दोघे निसर्गात सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पुढची कितीतरी वर्षं जगभरात पेनाइटचे मोजून दोन-तीनच स्फटिक माहीत होते. त्याच्या लालीतही क्रोमियमचा वाटा आहे.

काळोख पडायला लागला तसा खडा पुन्हा पात्रात, होता तिथेच ठेवला. मृग लागला की गड नदी त्याला तळाशीलच्या दिशेने थोडा पुढे ढकलेल.