मोरकम बे: राजाचा वाटाड्या, केंट नदी आणि नकाशावरची रेघ

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या नकाशावर, इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या मोरकम बे या उपसागराच्या वाळूतून हेस्ट बँक गावापासून पलीकडच्या केंट्स बँक गावापर्यंत एक तुटक रेघ जाते. सार्वजनिक वाटेची. बाजूला धोक्याची सूचना छापलेली आहे, पण फोनवर नकाशा मोठा केला की सूचना पडद्याबाहेर जाते आणि रेघ तेवढी उरते. त्या रेघेवर विसंबून वाळूत उतरू नका. ती फक्त कायद्यातला हक्क दाखवते. प्रत्यक्षात तिथं पायवाट नाही आणि असूही शकत नाही, कारण केंट नदीचं पात्र सतत जागा बदलतं. गेल्या महिन्यात जिथून घोट्याएवढ्या पाण्यातून पलीकडे जाता आलं, तिथं आज कंबरभर पाणी असेल, किंवा नदी सरकून गेली असेल आणि मागं पाय रुतवणारी ओली रेती ठेवून गेली असेल.

हे बजावून सांगायचं कारण म्हणजे मँचेस्टर-लीड्सकडची आपली मंडळी शनिवार-रविवारी लेक डिस्ट्रिक्टला जाताना या उपसागराकाठच्या आर्नसाइड गावात थांबतात, ओहोटीत समोर कोरडी वाळू आणि पलीकडं ग्रेंजची घरं दिसतात, आणि कुणीतरी म्हणतं, ‘चला, जाऊन येऊ.’ इथं एकट्यानं किंवा आपापला गट करून जायचं नाही. ट्रेकिंगचा कितीही अनुभव असला तरी नाही. सह्याद्रीत वाट चुकली तर मागं फिरता येतं. इथं मागची वाट तोवर पाण्याखाली गेलेली असते.

जायचं ते वाटाड्याबरोबर. हा वाटाड्या राजाच्या नेमणुकीतला आहे: ‘किंग्ज गाइड टू द सँड्स’. नावावरून लोकांना वाटतं की लाल डगला, काहीतरी दरबारी थाट असेल. तसं काही नाही. सध्या हे काम जवळच्या फ्लूकबरा गावचे मच्छीमार मायकेल विल्सन यांच्याकडं 2019 पासून आहे. त्यांच्याआधी सेड्रिक रॉबिन्सन 1963 पासून 2019 पर्यंत वाटाडे होते. वर्षाला 15 पौंड आणि राहायला केंट्स बँकचं जुनं घर, एवढ्यावर त्यांनी हे काम केलं. पहिली अधिकृत नेमणूक 1548 ची, थॉमस हॉजसन यांची. त्याआधी कार्टमेलच्या मठातले साधू प्रवाशांना वाट दाखवत.

राजाचा इथं संबंध काय, तर लँकेस्टरची डची ही राजाची वंशपरंपरागत मिळकत आहे. 1265 मध्ये तिसऱ्या हेन्रीनं धाकट्या मुलाला दिलेल्या जमिनींपासून ती सुरू झाली. 1399 मध्ये लँकेस्टरचा हेन्री चौथा हेन्री म्हणून गादीवर आला आणि त्यानं ही मिळकत राजसत्तेच्या इतर मालमत्तेपासून वेगळी ठेवली. तेव्हापासून जो गादीवर तो लँकेस्टरचा ड्यूक. एलिझाबेथ राणी असतानाही लँकेशर परगण्यात प्याला उंचावताना ‘द क्वीन, ड्यूक ऑफ लँकेस्टर’ असंच म्हणत. मर्सी नदीच्या मध्यापासून बॅरोपर्यंतचा भरती-ओहोटीचा पट्टा याच डचीकडं आहे.

दुसरी गोष्ट नकाशा पाहिल्यावर पटते. ग्रेंज, कार्टमेल, फर्नेस हा उपसागरापलीकडचा भाग 1974 पर्यंत लँकेशरमध्येच होता. आपल्याच परगण्याच्या दुसऱ्या तुकड्यात जायचा जवळचा रस्ता या वाळूतून होता. घोडागाड्या इथून जात, 1857 मध्ये रेल्वे आली आणि त्या थांबल्या. म्हणजे वाटाड्या हा रस्त्यावरचा सरकारी माणूस होता आणि त्याची गरज खरी होती. 1985 मध्ये प्रिन्स फिलिप यांनी घोडागाड्यांचा ताफा घेऊन हा उपसागर ओलांडला, तोही सेड्रिक रॉबिन्सन यांनी आखून दिलेल्या वाटेनं. राणीचा नवरासुद्धा वाटाड्याच्या मागून गेला, एवढं लक्षात ठेवा.

आता पाण्याबद्दल. हा ब्रिटनमधला सर्वांत मोठा सलग भरती-ओहोटीचा चिखल-वाळूचा पट्टा आहे, सुमारे 310 चौरस किलोमीटर. मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीतला फरक दहा मीटरच्या वर जातो. मुंबईत तो पाच मीटरच्या आसपास असतो. ओहोटीला पाणी बारा किलोमीटरपर्यंत मागं हटतं आणि तेवढंच परत यायचं असतं.

कोकणातल्या मच्छीमारांचा ठोकताळा इथं चांगला लागू पडतो: तिथीला तीननं गुणा, चारनं भागा, भरतीची वेळ येते. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, अष्टमीला सहाच्या आसपास. मोरकम बेच्या उन्हाळी घड्याळातही साधारण हेच पडतं, तासाभराच्या फरकानं. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे भरदुपारी वाळू पाण्याखाली असते, आणि भर दिवसाची ओहोटी हवी तर अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेल्या दिवसांत मिळते. याचा उपयोग सुट्टी ठरवण्यापुरता करा. वाळूवर पाय ठेवण्यासाठी छापील तक्ताच हवा, आणि तो वाचताना दोन ठिकाणी गफलत होते.

पहिली गफलत घड्याळाची. काही तक्ते ग्रीनिच वेळेत असतात, मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर त्यात एक तास मिळवावा लागतो. काहींत तो आधीच मिळवलेला असतो. तिथं आपण परत एक तास मिळवला तर भरती खऱ्या वेळेपेक्षा तासभर उशिरा येणार असं वाटतं, आणि इथं एक तास पुरेसा असतो. तक्त्याच्या वर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आधी वाचा.

दुसरी गफलत जास्त वाईट. तक्त्यात दिलेली वेळ पाणी सर्वांत वर असण्याची आहे. वाळूवरच्या माणसाचा मार्ग त्याच्या कितीतरी आधी तुटतो. 5 फेब्रुवारी 2004 च्या रात्री, पौर्णिमेच्या आदल्या रात्री, हेस्ट बँकजवळ वाळूत कॉकल शिंपल्या गोळा करणारे किमान 21 चिनी मजूर बुडाले. साडेनऊच्या सुमाराला ते वेढले गेले होते आणि पूर्ण भरतीला अजून बराच अवकाश होता. ज्यानं त्यांना वाळूत उतरवलं त्याला पुढं मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली आणि मजूर पुरवणाऱ्या मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा त्याच वर्षी आला.

‘घोडा दौडतो तशी भरती येते’ असं तिथं सगळेच सांगतात. त्यामुळे माणूस समुद्राकडं बघत बसतो, की लाट दिसली की पळू. पाणी बहुतेकदा समोरून येतच नाही. ते आधी खोलगट चरांत शिरतं, आणि हे चर तुमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये असतात. तुम्ही उंचवट्यावर कोरडे उभे असता, समोर अजून वाळू दिसते, आणि मागचा चर भरून वाहता झालेला असतो. धुकं आलं तर दिशाही जाते. आर्नसाइडला भरतीआधी भोंगा वाजतो, दोनदा. पहिल्या भोंग्याला किनाऱ्यावर या. दुसऱ्याची वाट पाहू नका.

नेहमीची वाट अशी: आर्नसाइडच्या धक्क्यावरून निघून किनाऱ्यानं न्यू बार्न्स, ब्लॅकस्टोन पॉइंट, व्हाइट क्रीक. तिथून वाळूत उतरायचं आणि केंट्स बँक स्टेशनकडं निघायचं. नदीप्रमाणे वाट वळते, अंतर बारा-तेरा किलोमीटर आणि वेळ साधारण चार तास. व्हाइट क्रीकपर्यंतच्या किनाऱ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, छान आहे. स्वच्छतागृह आर्नसाइडलाच उरका. पुढं आडोसा म्हणून एक झुडूपही नाही.

वाटाड्या आधी येऊन वाट तपासून जातो आणि लॉरेलच्या फांद्या वाळूत रोवतो. त्यांना ‘ब्रॉब’ म्हणतात. लॉरेल एवढ्यासाठी की खाऱ्या पाण्यातही त्याची पानं गळत नाहीत, लांबून फांदी दिसते. फांद्या दिसल्या म्हणून त्या धरून दुसऱ्या दिवशी आपले आपण जाऊ नका. त्या त्या दिवसाच्या असतात.

केंट नदी आणि तिचे काठ हा या वाटेवरचा अवघड भाग आणि सगळी तयारी तिच्यासाठीच करायची. पाणी गुडघ्यापासून मांडीपर्यंत, कधी त्याहून वर. थंड, आणि ओढ असलेलं. काठावर आल्यावर वाटाड्या सगळ्यांना थांबवतो, मग एकामागोमाग एक न सोडता खांद्याला खांदा लावून आडव्या ओळीत उतरवतो. लोकांना ही शिस्त वाटते, पण कारण तळाच्या वाळूत आहे. एकाच्या पावलावर दुसऱ्यानं पाऊल टाकत शंभर माणसं गेली तर तळ ढवळून सैल होतो आणि शेवटच्या वीस जणांचे पाय रुततात. आडव्या ओळीत प्रत्येकाला न तुडवलेली वाळू मिळते. म्हणून फोटोसाठी मागं राहू नका आणि दुसऱ्याच्या मागून जाऊ नका. पाण्यात उभं राहू नका, पाऊल छोटं ठेवा, पण थांबू नका. थांबलात की प्रवाह टाचेखालची वाळू काढून नेतो आणि तुम्ही उभ्या जागी खाली जाता.

नदीच्या दोन्ही काठांची रेती तेवढीच लक्ष देऊन पार करायची. वर चकचकीत, पाऊल टाकलं की आजूबाजूचा हातभर भाग थरथरतो. कणांच्या मधल्या जागा पाण्यानं भरलेल्या असतात. हलवलं की कण एकमेकांना सोडतात आणि वाळू पातळ होते. हलणं थांबलं की कण पायाभोवती पुन्हा घट्ट बसतात. म्हणून पाय उपसायला जोर लावला तर निघत नाही, आणि एक पाय ओढताना सगळा भार दुसऱ्यावर येऊन तोही जातो. माणूस यात डोक्यापर्यंत बुडत नाही, कारण शरीर त्या मिश्रणापेक्षा हलकं आहे. तो अडकतो, आणि मग भरती येते.

पाय गेलाच तर पाठीवरची पिशवी सोडा, मागं रेला, जवळजवळ बसा किंवा आडवे व्हा, म्हणजे भार पसरेल. मग पाय जागच्या जागी छोट्या हालचालींनी हलवत राहा, पाणी पायाच्या कडेनं खाली उतरू द्या, आणि हळूहळू वर घ्या. बूट गेला तर जाऊ द्या. सोबत्यानं हाताला धरून ओढू नये, तो स्वतःच रुततो. एकट्यानं निघेना तर 999 लावा आणि ‘कोस्टगार्ड’ म्हणा, पोलीस किंवा अँब्युलन्स मागू नका. मोरकमला आरएनएलआय या समुद्री बचाव संस्थेचं हॉवरक्राफ्ट आहे, ते चिखलावरून येतं. बचाव पथक नळी पायाच्या कडेनं घालून पाण्यानं वाळू सैल करतं.

पायात घट्ट नाडीचे जुने स्पोर्ट्स शूज. गमबूट नकोत, नदीत पाण्यानं भरतात आणि चिखलात पाय निघून बूट आत राहतो. ट्रेकिंगचे उंच बूट ओले झाले की जड होतात. अनवाणी नको, शिंपल्यांच्या कडा धारदार असतात. अर्धी चड्डी चांगली, जीन्स मुळीच नको. वारा अडवणारं जाकीट उन्हाळ्यातही लागतं. एक लिटर पाणी, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत छातीच्या उंचीला, आणि कोरडे कपडे-बूट वेगळ्या पिशवीत.

आता पैशांबद्दल. या फेऱ्या उन्हाळी हंगामात होतात. बऱ्याच धर्मादाय संस्थांच्या असतात, नावनोंदणी आधी करावी लागते आणि रक्कम माफक असते. तारखा गाइड ओव्हर सँड्स ट्रस्टकडं पाहता येतात. हीच फेरी ‘रॉयल’ शब्द लावून सहल कंपन्या विकतात. एका कंपनीनं आमच्या ओळखीच्या कुटुंबाकडून लंडनपासूनच्या गाडीसकट जे पैसे घेतले, त्यात रॉबिन्सन यांची वाटाड्या म्हणून अनेक वर्षांची तनखा भागली असती. आणि वाळूत ते चालले इतर सगळ्यांच्याच रांगेत. वेगळी शाही वाट नाही, वेगळा वाटाड्या नाही. मधल्या माणसाला एक पैसा देऊ नका.

बुकिंग करताना परताव्याची अट बघा, कारण फेऱ्या रद्द होतात, आणि आर्नसाइडला लख्ख ऊन असतानाही होतात. केंट लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांतून येते. आदल्या दिवशी तिकडं पाऊस पडला असला तर इथं नदी चढते. वाटाड्या नाही म्हणाला की वाद घालू नका. त्या दिवशी कार्टमेलचा मठ पाहा.

परतीचं तिकीट सकाळीच फोनवर काढून ठेवा: केंट्स बँक ते आर्नसाइड. मध्ये फक्त ग्रेंज लागतं आणि गाडी केंटवरच्या पुलावरून दहा-पंधरा मिनिटांत पोचते. गाड्या साधारण तासाला एक, रविवारी कमी, आणि केंट्स बँकला तिकीटखिडकी नाही. गाडी चुकली म्हणून टॅक्सी केली तर रस्ता सगळ्या खाडीला वळसा घालून वीसेक किलोमीटर जातो आणि भाडं तसंच लागतं. पाय थकलेले असले तरी फलाटावर बसा, ओले मोजे बदला आणि पुढच्या गाडीची वाट पाहा.