क्रोन्स: वर्षानुवर्षांचं औषध सुरू करायचं का, हे मी कसं ठरवलं

क्रोन्स म्हणजे आतड्याला पुन्हा पुन्हा सूज आणणारा दीर्घकाळचा आजार. त्याचं निदान झालं की बहुतेकांना आधी स्टेरॉईड मिळतं. दोन आठवड्यांत जुलाब आटोक्यात येतात, कळा थांबतात, भूक लागते. आणि नेमकं तेव्हाच डॉक्टर सांगतात की आता अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबून सूज रोखणारी गोळी) सुरू करू, ते काही वर्षं घ्यावं लागेल. बरं वाटत असताना रोजची गोळी कशाला, हा प्रश्न माझ्यापुढेही होता. उत्तर शोधताना मी काय काय विचारलं आणि कोणत्या तपासण्या करून घेतल्या, ते लिहिते आहे. डोस प्रत्येकाचा वेगळा असतो, तो डॉक्टरच ठरवतील.

आधी एक गोष्ट पक्की समजून घेतली: पोटाला बरं वाटणं वेगळं आणि आतड्यातली सूज जाणं वेगळं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड साधारण 40 मिलिग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला 5 मिलिग्रॅमने उतरवतात. ते भडका विझवतं, पण आजार परत येऊ नये यासाठी त्याचा उपयोग नाही. लांबवलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू होतो. दरम्यान आतली सूज धुमसत राहिली तर तिथे चट्टे पडून आतडं अरुंद होतं. असं अरुंद झालेलं आतडं गोळ्यांनी पुन्हा रुंद होत नाही. मेसालामाईन या सूज उतरवणाऱ्या गोळीचं म्हणाल तर अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याला सूज आणणारा आजार) ते चांगलं काम करतं, लहान आतड्याच्या क्रोन्समध्ये त्याचा फारसा उपयोग नाही. तरी ते वर्षानुवर्षं चालू असलेले रुग्ण आपल्याकडे भेटतात.

म्हणून ‘मला कसं वाटतंय’ यावर निर्णय सोडला नाही. रक्तात सीआरपी आणि शौचात कॅलप्रोटेक्टिन अशा सूज मोजणाऱ्या दोन तपासण्या केल्या. कॅलप्रोटेक्टिन (मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅममध्ये) 50 च्या आत असेल तर उत्तम, 250 च्या वर असेल तर आत सूज असण्याची शक्यता बरीच. मधला आकडा आला तर काही आठवड्यांनी पुन्हा बघतात. नमुना देण्याआधीचे दोन आठवडे डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं टाळावीत, त्यांनी आकडा फुगतो. तशीही ती क्रोन्समध्ये टाळायचीच असतात. अंगदुखीला केमिस्ट सहज हातावर ठेवतो त्या गोळीत बहुधा यातलंच काहीतरी असतं, पाकीट वाचून घ्या. दरवेळी लॅब एकच ठेवावी, कारण किट बदललं की आकडेही बदलतात.

भारतात या निर्णयाआधी एक मोठी पायरी आहे, आणि ती घाईत उरकू नये. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स यांची सोंगं अगदी सारखी असतात. दोन्ही बहुधा लहान आतड्याच्या शेवटी, मोठं आतडं सुरू होतं तिथे बसतात. दोन्हींत ताप, वजन घटणं, पोटदुखी. टीबी समजून क्रोन्सला टीबीच्या गोळ्या दिल्या तर वेळ जातो. उलट क्रोन्स समजून टीबीला प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं तर टीबी अंगभर पसरू शकतो. म्हणून माझ्या रिपोर्टांमध्ये मी या खुणा शोधल्या: दुर्बिणीत (कोलोनोस्कोपीत) आतड्याच्या लांबीने गेलेले व्रण आणि मध्ये मध्ये निरोगी भाग असेल तर कल क्रोन्सकडे, आडवे व्रण आणि लहान आणि मोठ्या आतड्यामधली उघडी पडलेली झडप असेल तर टीबीकडे. सीटी स्कॅनमध्ये मधोमध कुजलेल्या गाठी दिसल्या तर टीबीचा संशय बळावतो. बायोप्सीच्या तुकड्यावर जीनएक्सपर्ट ही टीबीचे जंतू शोधणारी चाचणीही करतात, पण ती निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं ठरत नाही.

तरीही कोडं सुटलं नाही तर टीबीचं औषध देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात. ही दुसरी दुर्बीण टाळू नका. क्रोन्सच्या काही रुग्णांनाही टीबीच्या गोळ्यांवर सुरुवातीला बरं वाटतं, खरं काय ते व्रण भरले की नाहीत यावरूनच कळतं.

यानंतरचा प्रश्न: माझा आजार कितपत आक्रमक आहे? निदानाच्या वेळी वय कमी असणं, पहिल्याच भडक्यात स्टेरॉईड लागणं, लहान आतड्याचा मोठा भाग व्यापलेला असणं, खोल व्रण, भगंदर, धूम्रपान या गोष्टी पुढचा धोका वाढवतात. यातलं काहीच नसेल, आजार सौम्य आणि छोट्या भागात असेल, तर लक्ष ठेवून थांबणं हाही रास्त पर्याय आहे. माझ्या यादीत एकाहून जास्त खुणा निघाल्या आणि स्टेरॉईड खाली आणलं की त्रास परत येत होता. थांबण्याच्या बाजूने काही उरलं नाही.

अझाथायोप्रिनचा पूर्ण डोस दर किलो वजनाला 2 ते 2.5 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे 55 किलोच्या माणसाला 110 ते 137. सुरुवात मात्र 50 ची एक गोळी. त्याआधी एनयूडीटी15 नावाच्या जनुकाची तपासणी मागून घ्या. परदेशी माहितीत टीपीएमटी या दुसऱ्या जनुकावर भर असतो, पण आपल्याकडे पांढऱ्या पेशी अचानक कोसळण्यामागे एनयूडीटी15 मधला बदल जास्त वेळा सापडतो. हा बदल दोन्ही प्रतींत असेल तर काही आठवड्यांतच केसांचे पुंजके गळतात आणि पेशी धोकादायक पातळीवर उतरतात. तपासणी नॉर्मल आली तरी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हर फंक्शन टेस्ट चुकवायची नाही: दुसरा, चौथा, आठवा, बारावा आठवडा, मग दर तीन महिन्यांनी. काही डॉक्टर पहिला महिना दर आठवड्याला करायला सांगतात. पांढऱ्या पेशी 4000 च्या खाली आल्या तर त्याच दिवशी फोन करायचा. पहिल्या महिन्यात पोटातून पाठीत जाणारी तीव्र कळ आणि उलट्या आल्या तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. गोळी थांबवून लगेच दाखवायचं, आणि तसं निघालं तर हे औषध पुन्हा घ्यायचं नाही. युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल किंवा फेब्युक्सोस्टॅट चालू असेल तर आधी सांगा, त्यांच्यासोबत अझाथायोप्रिन विषारी ठरतं.

परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, तोवर स्टेरॉईड हळूहळू उतरवत नेतात. ‘महिना झाला, काही फरक नाही’ म्हणून सोडून देणारे याच टप्प्यावर सोडतात. या औषधामुळे लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) होण्याची भीती मलाही होती. धोका वाढतो हे खरं, पण मुळातलं प्रमाण इतकं कमी आहे की वाढूनही ते वर्षाला दहा हजारांत मोजक्या जणांपुरतंच राहतं. माझ्या आतड्याला असलेला धोका त्याहून कितीतरी मोठा होता.

बायोलॉजिक म्हणजे सूज आणणाऱ्या प्रथिनांना अडवणाऱ्या इंजेक्शनांचा पर्याय समोर असेल तर टीबीची चाचणी आणि छातीचा एक्स-रे स्टेरॉईड सुरू होण्याआधी झालेला बरा, कारण स्टेरॉईडवर मॅन्टू (टीबीची त्वचेवरची चाचणी) खोटी निगेटिव्ह येऊ शकते. सोबत हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही. सुप्त (लक्षणं नसलेला) टीबी निघाला तर इंजेक्शनाच्या किमान महिनाभर आधी त्याचं औषध सुरू व्हायला हवं. हिपॅटायटिस बीची लस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घेतात, ती लवकर सुरू करावी. कांजिण्यांसारख्या जिवंत लसी औषध सुरू झाल्यावर चालत नाहीत.

या इंजेक्शनांतली दोन नेहमीची: अडालिमुमॅब त्वचेखाली, आधी 160, मग 80, मग दर दोन आठवड्यांनी 40 मिलिग्रॅम. इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून, दर किलोला 5 मिलिग्रॅम, शून्य, दोन, सहा आठवडे आणि पुढे दर आठ आठवड्यांनी. भारतीय बनावटीचं अडालिमुमॅब 2014 च्या अखेरीस आल्यापासून खर्च उतरला, पण तो अजूनही घराचं गणित हलवणारा आहे. म्हणून वर्षभराचा हिशेब आधी मांडा. पैसे संपले म्हणून मध्येच खंड पडला तर शरीर औषधाविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकतं, आणि मग पुन्हा सुरू केलं तेव्हा ते लागू न पडण्याची किंवा रिॲक्शन येण्याची शक्यता असते. विम्याबाबत: 2019 च्या विमा नियामकाच्या सूचनांनुसार मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं (वरची दोन्ही यातच येतात) सरसकट वगळता येत नव्हती, मात्र त्यावर रकमेची मर्यादा घालता येत होती. अशी मर्यादा आहे का, ते पॉलिसीत शोधून काढा. घरी टोचायचं इंजेक्शन मान्य आहे का, हे लेखी विचारा.

इंजेक्शन 2 ते 8 अंशांत ठेवायचं, फ्रीजच्या दारात नाही आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नाही. गोठलेलं इंजेक्शन वितळलं तरी फेकूनच द्यावं लागतं. प्रवासात आइसपॅक आणि डबी यांच्यामध्ये जाड कापड घालायचं.

गुळवेल आणि इतर काढे मी बंद ठेवले. करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले होते, आणि अझाथायोप्रिनही यकृतावरच नजर ठेवायला लावतं. दोन्ही सोबत घेतली तर बिघाड कशामुळे हे कळणार नाही.

अखेर मी अझाथायोप्रिन सुरू केलं, पण फाइलीवर पुढचे टप्पे लिहून घेऊनच: तीन महिन्यांनी कॅलप्रोटेक्टिन, वर्षाच्या आत पुन्हा दुर्बीण, आणि व्रण भरले नसतील तर बायोलॉजिक. बंद कधी करायचं हेही विचारलं. तीन-चार वर्षं आतडं स्वच्छ राहिलं तर बोलू, असं डॉक्टर म्हणाले. बंद केलेल्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण चालू ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त असतं, हेही त्यांनी सोबतच सांगितलं.