तुम्ही विचारलंत म्हणून: युरोपचा बाजार एक का होत नाही?

"चलन एक आहे ना तुमचं? मग शेअरबाजार एक का नाही?"

डोंबिवलीत दादाच्या ऑफिसात जाऊन बसले की हा प्रश्न येतोच. दादा सबब्रोकर आहे, तिथे येणारी माणसं बाजारातलीच. फ्रँकफर्टला मराठी मंडळींच्या गणपतीत आरती आणि प्रसादाच्या मधल्या वेळात कुणीतरी हेच विचारतं. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: "तू वीस वर्षं यावर संशोधन करतेस, म्हणजे नेमकं करतेस काय?"

पहिल्याला मी आजवर "राजकारण" एवढं एका शब्दात उत्तर देऊन मोकळी होत आले. दुसरा टाळत आले. दोन्हीचा आता मलाच त्रास होतो. म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी जे लागतं ते सांगते. हा प्रश्न असा विचारला जातो जणू इतक्या वर्षांत ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नाही. १९६६ मध्ये, युरो यायच्या तेहतीस वर्षं आधी, क्लाउदिओ सेग्रे यांच्या समितीने युरोपचा भांडवल बाजार, म्हणजे शेअर आणि कर्जरोख्यांचा बाजार, कसा उभा राहील यावर सविस्तर अहवाल दिला होता. त्यात अडथळे लिहिलेले आहेत: डिव्हिडंडवर दोनदा बसणारा कर, विमा कंपन्यांनी पैसा कुठे गुंतवावा यावरचे देशोदेशीचे निर्बंध, कंपन्यांनी माहिती जाहीर करायच्या वेगवेगळ्या पद्धती. पस्तीस वर्षांनी, २००१ मध्ये, आल्बेर्तो जोव्हानिनी यांच्या गटाने सीमेपलीकडचा सौदा पुरा करताना, म्हणजे पैसे आणि शेअर यांची देवघेव होताना, आड येणारे १५ अडथळे मोजले. दहा तांत्रिक आणि बाजाराच्या रीतीभातींचे, दोन कराचे, तीन कायद्याचे. तांत्रिक अडथळ्यांवर पुष्कळ काम झालं, २०१५ पासून युरोपीय मध्यवर्ती बँकेची सौदे पुरे करायची सामाईक व्यवस्था चालू आहे. कराचे आणि कायद्याचे अडथळे मात्र अजून वाट अडवून बसलेत.

माझाच अनुभव सांगते. शेजारच्या एका देशातल्या कंपनीचे थोडे शेअर माझ्याकडे आहेत. तिथे डिव्हिडंडवर जादा कापलेला कर परत मिळावा म्हणून मी अर्ज केला. दोन वर्षं गेली, तीन पत्रं झाली, आणि अर्ज परत आला, कारण निवासाचा दाखला त्यांच्या छापील फॉर्मवर नव्हता. रक्कम चाळीस युरोंच्या आतली होती. हा घोळ मिटवणारा युरोपीय संघाचा कायदा झाला आहे, तो २०३० पासून लागू होईल. सेग्रे समितीच्या अहवालाला तेव्हा चौसष्ट वर्षं झालेली असतील.

दादा म्हणतो, "आमच्याकडे सेबीने करून दाखवलं." त्याचं बरोबर आहे. जानेवारी २०२३ पासून भारतात सौदा दुसऱ्या दिवशी पुरा होतो. युरोप तिथे ११ ऑक्टोबर २०२७ ला पोहोचायचा आहे. भारतात डिपॉझिटरी, म्हणजे लोकांचे शेअर खात्यात सांभाळणाऱ्या संस्था, दोन, युरोपात दोन डझनांहून जास्त. पण दादा, सेबीच्या पाठीशी एक कंपनी कायदा होता, एक आयकर कायदा होता, एक सर्वोच्च न्यायालय होतं. इथे पॅरिसला २०११ पासून युरोपीय नियामक बसतो, तो पतमानांकन संस्थांवर थेट देखरेख करतो, आणि शेअरबाजारांवरची देखरेख अजून ज्या त्या देशाकडेच आहे. कंपनी बुडाली तर कुणाचे पैसे आधी द्यायचे याचे कायदेही देशागणिक वेगळे. आपल्याकडे वीसहून जास्त प्रादेशिक शेअरबाजार होते, पुण्याचाही होता. ते मिटले तेव्हा दलाल हळहळले, पण कुठल्या राज्याने ती आपल्या अस्तित्वावरची गोष्ट मानली नाही. इथे मानतात.

आणि लोकांचंही ऐका. माझे जर्मन शेजारी सत्तरीचे आहेत. १९९६ मध्ये सरकारी टेलिफोन कंपनीचे शेअर साडेअठ्ठावीस मार्कांना विकायला निघाले तेव्हा त्यांनी आयुष्यातला पहिला शेअर घेतला. २००० मध्ये पुढचे शेअर साडेसहासष्ट युरोंना आले, तेही घेतले. २००२ मध्ये भाव दहा युरोंच्या खाली होता. तेव्हापासून त्यांचा पैसा बचत खात्यात आहे आणि तिथून तो हलणार नाही. आम्ही मंडळी निबंधांत 'घरगुती गुंतवणूकदारांचा कमी सहभाग' म्हणतो, तो हाच.

आता दुसरा प्रश्न, मी काय करते. हे सांगायला बाबांपासून सुरुवात करावी लागेल. बाबा रेल्वेत होते. पगारातून थोडे थोडे शेअर घ्यायचे. प्रमाणपत्रं टपालाने कंपनीकडे जायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत यायची. सही जुळत नाही, बॅड डिलिव्हरी. बाबा रात्री जेवण झाल्यावर जुन्या कागदावरची सही समोर ठेवून तशीच सही गिरवत बसायचे. त्यांची स्वतःचीच सही. १९९६ नंतर डिमॅट आलं आणि ते सगळं थांबलं. बाजार म्हणजे पडद्यावरचे आकडे नाहीत, त्याच्या मागची नळजोडणी आहे, हे मी तेव्हा शिकले. म्हणून २००२ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँक आणि फ्रँकफर्टच्या सेंटर फॉर फायनान्शियल स्टडीजने युरोपातले भांडवल बाजार आणि त्यांची एकात्मता यावर संशोधकांचं एक जाळं सुरू केल्याचं वाचलं, तेव्हा मला वाटलं, माझं काम इथे आहे.

काम होतं मोजण्याचं. दादर आणि कल्याणला एकाच प्रतीची तूरडाळ वाहतुकीचा खर्च वगळता एकाच भावाने मिळाली तर तो एक बाजार. रोख्यांचं, म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाच्या कागदांचंही तसंच. १९९५ मध्ये इटलीच्या सरकारला दहा वर्षांच्या कर्जावर जर्मनीपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त व्याज द्यावं लागत होतं. २००७ च्या सुरुवातीला ग्रीसलासुद्धा जेमतेम पाव टक्का जास्त द्यावं लागायचं. त्या वर्षी एका सेमिनारमध्ये मी या व्याजदरांचा आलेख लावला. सगळ्या रेषा एकमेकींजवळ येत येत एक दोरी झाल्यासारख्या दिसायच्या. मी म्हटलं, सरकारी रोख्यांपुरती एकात्मता पूर्ण झाली आहे. मागे बसलेल्या एका वयस्कर प्राध्यापकांनी विचारलं, "भाव एक झाला. माल एक आहे का?" मी त्यांना आणखी दोन तक्ते दाखवले.

याच्या पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

जून २०१५ मध्ये, ग्रीसचं कर्जसंकट टोकाला गेलं होतं तेव्हा, मी अथेन्सला होते, ग्रीक बँकांच्या कर्जांबद्दल मुलाखती घ्यायला. पांग्राती भागात एका निवृत्त शिक्षिकेच्या घरात खोली घेतली होती. त्या लहानपणी वडिलांबरोबर जर्मनीत राहिलेल्या, त्यामुळे आमचं जर्मनमध्ये बोलणं व्हायचं. २८ जूनच्या रविवारी रात्री जाहीर झालं की उद्यापासून बँका बंद. शेअरबाजारही बंद. एटीएममधून दिवसाला साठ युरो, पैसे देशाबाहेर पाठवता येणार नाहीत. परदेशी बँकांच्या कार्डांना साठची मर्यादा नव्हती.

हे शेवटचं वाक्य मी त्या रात्री टिपणवहीत लिहिलं. त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. एटीएमची रांग कोपऱ्यावरून वळून गेली होती. वीसच्या नोटा संपत आल्या होत्या, त्यामुळे साठचे पन्नासच हातात येत. बाई माझ्याबरोबर रांगेत होत्या. त्यांचे पन्नास निघाले. मग मी कार्ड घातलं आणि यंत्राने निमूट दोनशे दिले. मागे उभ्या असलेल्या माणसाने ते पाहिलं. तो काही बोलला नाही, मी पाकीट पर्समध्ये घालेपर्यंत बघत राहिला. त्या बाईंच्या खात्यात आयुष्यभराची बचत होती, माझ्या खात्यात एका पगाराचे पैसे. दोन्ही युरोतच.

दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, "तू माझ्यासाठी दोनशे काढशील? औषधवाला रोख मागतोय. रोजचे पन्नास साठवून तू जायच्या आत परत करीन." मी लगेच हो म्हणायला हवं होतं. मी त्यांना समजावत बसले. मध्यवर्ती बँकेने ग्रीक बँकांची आणीबाणीची मदत थांबवलेली नाही, फक्त तिची मर्यादा वाढवलेली नाही, हे तात्पुरतं आहे, असं. स्वयंपाकघरात टेबलापाशी बसून त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग संध्याकाळी मी पैसे काढून दिले.

५ जुलैला, कर्ज देणाऱ्यांच्या अटी मानायच्या की नाही यावर, ग्रीसमध्ये सार्वमत झालं. त्यानंतरच्या आठवड्यात ग्रीस युरोतून जाणार ही चर्चा इतकी वाढली की ११ तारखेला ग्रीसला पाच वर्षं युरोबाहेर ठेवायच्या जर्मन अर्थखात्याच्या प्रस्तावाची बातमी आली. मी १२ ला निघणार होते. सकाळी बाईंनी पन्नासच्या चार नोटा टेबलावर ठेवल्या. त्या नोटांच्या क्रमांकाआधी एक अक्षर असे. एक्स म्हणजे जर्मनीच्या, वाय म्हणजे ग्रीसच्या. कायद्याने त्याला काहीही अर्थ नाही, नोट कुठलीही असो, ती सारखीच. हे मी स्वतः लिहिलेलं आहे, शिकवलेलं आहे. मी नोटा उचलल्या आणि पर्समध्ये टाकायच्या आधी उलटून क्रमांक पाहिले.

बाईंनी ते पाहिलं. त्या म्हणाल्या, "वाय आहेत तीन. चालतील ना?"

मी म्हटलं, चालतील. त्यातल्या दोन मी अथेन्सच्या विमानतळावरच खर्चून टाकल्या, कसलीही गरज नसताना.

३ ऑगस्टला अथेन्सचा शेअरबाजार उघडला आणि एका दिवसात सोळा टक्के पडला. ते मी फ्रँकफर्टला माझ्या टेबलावर बसून पाहिलं. भांडवलावरचे शेवटचे निर्बंध उठायला १ सप्टेंबर २०१९ उजाडला.

आता तुम्ही म्हणाल, तो बँकांचा आणि सरकारी कर्जाचा प्रश्न होता, भांडवल बाजाराचा त्यात काय संबंध? संबंध आहे, आणि इथेच माझं माझ्याशी भांडण आहे. २००७ ची मी म्हणते, आलेख खोटा नव्हता. चलन घसरायची भीती गेली म्हणून व्याज खरोखर उतरलं. आजची मी म्हणते, त्या रेषांनी एवढंच सांगितलं की कर्ज घेणाऱ्या देशांमधला फरक कुणी पाहत नव्हतं. मध्यवर्ती बँक सगळ्या देशांचे रोखे जवळजवळ सारख्याच अटींवर तारण घेत होती, बँकांना त्यावर भांडवल राखून ठेवावं लागत नव्हतं, मग बघेल कोण? २००७ ची मी उलट विचारते, २०१२ मध्ये दहा वर्षांच्या ग्रीक रोख्यांवरचं व्याज तीस टक्क्यांच्या वर गेलं, तो भाव तरी खरा होता का? त्या वर्षी जुलैमध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष द्रागी यांनी लंडनमध्ये 'युरो वाचवायला लागेल ते करू' एवढं एक वाक्य बोलल्यावर इटली आणि स्पेनच्या रोख्यांवरचं व्याज उतरायला लागलं. वाक्याने उतरणाऱ्या भावात माल किती होता? याला माझ्याकडे उत्तर नाही.

एक गोष्ट मात्र मला पूर्वीपेक्षा जास्त पटते. युरो आल्यावर सीमा ओलांडून जो पैसा गेला तो मुख्यतः एका बँकेने दुसऱ्या बँकेला दिलेल्या कर्जाच्या रूपात आणि सरकारी रोख्यांत गेला. असा पैसा संकट दिसताच सर्वांत आधी निघून जातो. शेअर घेतलेला माणूस तोटा झाला की तोटा सोसतो, तो कर्ज मागे घेऊ शकत नाही. अस्द्रुबाली, सोरेन्सेन आणि योशा यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांचा हिशोब मांडला होता. एखाद्या राज्याच्या उत्पन्नाला फटका बसला की त्यातला सुमारे ३९ टक्के भाग भांडवल बाजार वाटून घेतो, २३ टक्के कर्जबाजार आणि १३ टक्के केंद्र सरकार. वॉशिंग्टनच्या तिप्पट भार बाजार उचलतो. युरोपात एवढा भार बाजार कधीच उचलत नाही. म्हणून मी अजूनही एक बाजार व्हावा या बाजूची आहे. म्हणून २०२३ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्ष लागार्द यांनी अमेरिकेसारखा एकच युरोपीय बाजार नियामक हवा असं म्हटलं तेव्हा मला आनंद झाला. २०१५ ला 'भांडवल बाजार संघ' म्हणून आणि २०२५ ला 'बचत आणि गुंतवणूक संघ' म्हणून हाच विषय पुन्हा मांडला गेला. नाव बदललं म्हणून मी त्यावर चिडत नाही.

पण पांग्रातीच्या त्या स्वयंपाकघरात यातलं काय उपयोगी पडलं असतं? एकच नियामक असता तरी ती रांग लागली असती. बाईंचे पैसे साऱ्या युरोपच्या शेअरांत असते तर औषधवाल्याला देण्यापुरते तरी त्यांच्या हाताशी आले असते का? डिपॉझिटरी ग्रीसची असती तर ते विकून आलेले पैसेही त्याच बंद बँकेत अडकले असते. लक्झेंबर्गची असती तर कदाचित नाही. या 'कदाचित'वर मी सध्या काम करते आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच.

पुढच्या मंगळवारी सेमिनार आहे. पहिली स्लाइड २००७ चीच आहे, त्यातली एकही रेष मी बदललेली नाही. विद्यार्थ्यांना काय दिसतं ते आधी त्यांनीच सांगायचं. गेल्या वर्षी एकीने हात वर करून सांगितलं, "सगळे देश सारखे झाले." ते चूक आहे असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि कुठून सुरुवात करावी ते मला सुचलं नाही.