दिव्याच्या खांबांपासून सतरा नंबरच्या फलाटापर्यंत

बर्लिनला जाणारे बहुतेक जण ब्रांडेनबुर्ग गेटजवळच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांपासून सुरुवात करतात. माझं म्हणणं, तिथे शेवटी जा. ते नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे. टपाल खात्यातला कारकून, वाणी, शेजारीण, रेल्वेतला हिशेबनीस अशा साध्या माणसांचे हात त्या हत्याकांडाला कसे लागले, हे पाहायचं असेल तर आधी शोनेबेर्ग भागातल्या एका शांत, झाडीच्या वस्तीत जावं. यू 7 ही भुयारी रेल्वे पकडायची आणि बायरिशर प्लात्झला उतरायचं. इथे सांगितलेल्या सगळ्या जागा शहर वाहतुकीच्या 'एबी' झोनमध्ये येतात, त्यामुळे चोवीस तासांचं एकच तिकीट एका दिवसाला पुरतं. आम्ही दोन दिवस ठेवले होते. त्याहून कमी वेळात घाई होते.

या वस्तीत दिव्याच्या खांबांवर 80 पाट्या आहेत. रेनाटा श्टी आणि फ्रीडर श्नोक या दोन कलाकारांनी त्या 1993 मध्ये लावल्या. डोक्याच्या बऱ्याच वर असतात, म्हणून मान वर करून चालावं लागतं. एका बाजूला साधं, ठसठशीत चित्र: पाव, मांजर, बाक. दुसऱ्या बाजूला ज्यूंविरुद्धचा एखादा नियम आणि त्याची तारीख. एकाच दिशेने चालत गेलात तर नुसती चित्रंच दिसतात, आणि अनेकांचं तसंच होतं. प्रत्येक खांब ओलांडला की मागे वळून पाहा. मजकूर जर्मनमध्ये आहे, तेव्हा फोनवर भाषांतराची सोय असू द्या. पाट्या लागत होत्या तेव्हा काही रहिवाशांना हे नव-नाझींचं काम वाटलं आणि त्यांनी पोलिसांना बोलावलं. म्हणून नंतर प्रत्येकीखाली 'स्मारक' असं सांगणारी छोटी पट्टी बसवली.

रस्त्यावर पाट्यांना क्रम नाही. तो आपण तारखांवरून लावायचा. 1933: ज्यूंना गायनमंडळांतून काढलं. डिसेंबर 1938: बर्लिनचे पोहण्याचे तलाव बंद. सप्टेंबर 1939: रेडिओ जप्त. 4 जुलै 1940: बर्लिनमध्ये ज्यूंनी किराणा फक्त दुपारी चार ते पाच या वेळात घ्यायचा. त्याच महिन्याच्या शेवटी टपाल खात्याने त्यांचे टेलिफोन तोडले. 1942: पाळीव प्राणी ठेवायचे नाहीत.

चार ते पाचच्या पाटीखाली जरा थांबा. युद्धाचे, रेशनचे दिवस. चार वाजेपर्यंत दुकानातलं बरंचसं संपलेलं असायचं. नियम पाळायला पोलीस लागत नव्हता, वाण्याने रेशनकार्डावरचा 'जे' (म्हणजे ज्यू) पाहिला की काम झालं. आणि सकाळी रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला त्या दिवशी बटाटे थोडे सहज मिळाले. तिला कोणी विचारलं नव्हतं की माणसं मारलेली तुला चालतील का. गायनमंडळाच्या चिटणीसाने वहीतून चार नावं खोडली, टेलिफोनवाल्याने एक जोडणी काढली. प्रत्येकाच्या वाट्याला आलेलं काम त्याच्या रोजच्या कामासारखंच होतं.

इथून कोखश्ट्रासे स्टेशनजवळच्या 'टोपोग्राफी ऑफ टेरर'ला जा. गेस्टापो या नाझींच्या गुप्त पोलिसांचं मुख्यालय या जागेवर होतं. आज तिथे प्रदर्शन आहे आणि प्रवेश फुकट आहे. बरेच जण इथून एकच समजूत घेऊन बाहेर पडतात, की लोक भीतीने गप्प होते. कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट आणि ज्यू यांना वाटणारी भीती पूर्णपणे खरी होती. 1933 पासूनच हजारो विरोधक छावण्यांत डांबले गेले. इतरांचं गणित मात्र वेगळं होतं. 1937 मध्ये पाच लाख वस्तीच्या ड्युसेलडॉर्फसाठी गेस्टापोची माणसं होती 126. एवढ्यांनी घराघरात कान लावणं शक्य नव्हतं, कान लोकच पुरवत होते. व्युर्झबुर्ग शहरातल्या गेस्टापोच्या उरलेल्या फायलींत ज्यूंशी संबंध ठेवल्याची जी प्रकरणं आहेत, त्यांतली निम्म्याहून अधिक सामान्य माणसांच्या चुगलीतून सुरू झाली. चुगली करणारे सगळे नाझी विचारांनी पेटलेले नव्हते. शेजारचं भांडण, नवरा-बायकोचा तंटा, धंद्यातली चढाओढ, असंच बहुधा मुळाशी असे. खोट्या तक्रारी इतक्या वाढल्या की अधिकाऱ्यांनाच त्यांचा त्रास होऊ लागला.

त्याआधीचा टप्पा आहे लाभाचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत कमी पाहिला जातो. मार्च 1933 च्या निवडणुकीत, दहशत असूनही, नाझींना 43.9 टक्के मतं मिळाली. म्हणजे बहुमत नव्हतंच. त्यानंतर मात्र पक्षात शिरायला रीघ लागली. जानेवारीत साडेआठ लाखांच्या आसपास असलेली सदस्यसंख्या मेपर्यंत 25 लाखांवर गेली आणि पक्षाला नवी भरती थांबवावी लागली. 7 एप्रिलच्या कायद्याने ज्यू आणि विरोधक सरकारी नोकरीतून निघाले. एक खुर्ची रिकामी झाली की खालच्या एकाला बढती मिळे.

नवविवाहितांना 1,000 राइशमार्कपर्यंत (तेव्हाचं जर्मन चलन) बिनव्याजी कर्ज मिळू लागलं. रोख नव्हे, फर्निचर आणि घरसामानाची कुपनं. अट अशी की बायकोने नोकरी सोडायची. प्रत्येक मुलामागे चौथा हिस्सा माफ. ज्यूंना हे कर्ज नव्हतं. महिन्यातून एका रविवारी घरोघर एकाच भांड्यातलं जेवण करायचं, माणशी 50 फेनिगच्या आत, आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी दारावर येणाऱ्याच्या डब्यात टाकायचे. डबा घेऊन येणारा ओळखीचाच असायचा आणि कोणी किती दिलं हे त्याला कळायचं. गरिबांना मदत केल्याचं समाधान खरं होतं, वचकही खरा होता. एकाच डब्यात दोन्ही पडत.

'टोपोग्राफी'पासून दहा मिनिटांवर आनहाल्टर स्टेशनची पडकी कमान उभी आहे. म्हाताऱ्या ज्यूंना इथून टेरेझीनच्या छावणीत नेलं जाई, रोजच्या प्रवासी गाडीला जोडलेल्या डब्यांतून. त्याच फलाटावर बाकीचे प्रवासी आपापलं सामान चढवत असत.

दुसऱ्या दिवशी सकाळी यू 3 ने डालेमला. इनेश्ट्रासे 22 मध्ये आज विद्यापीठाचा विभाग आहे. मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था याच इमारतीत होती. आपल्या इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस इथेच ऑयगेन फिशरच्या हाताखाली डॉक्टरेट करत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशावर ठरतो, असं गुरूचं गृहीतक. इरावतीबाईंनी सुमारे दीडशे कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही, असं लिहून दिलं. पुढे याच संस्थेतल्या तज्ज्ञांनी वंशाचे दाखले दिले, सक्तीच्या नसबंदीला शास्त्राचा आधार पुरवला, आणि आउशवित्झच्या छावणीतून तिथला डॉक्टर मेंगेले याने पाठवलेले मानवी नमुने इथे आले. दारावरची पाटी छोटी आहे, चटकन नजरेतून सुटते.

मग हाकेशर मार्क्टजवळ रोझेनश्ट्रासे. फेब्रुवारी 1943 अखेर इथल्या इमारतीत सुमारे दोन हजार ज्यू कोंडले होते, बहुतेक बिगर-ज्यू बायकांचे नवरे. त्या बायका दिवसचे दिवस रस्त्यावर उभ्या राहून आमची माणसं द्या म्हणत होत्या. मार्चमध्ये जवळजवळ सगळे सुटले. सुटका त्यांच्यामुळेच झाली का, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण जमलेल्या बायकांवर गोळ्या झाडल्या गेल्या नाहीत, एवढं नक्की.

तिथूनच एस 7 ही लोकल थेट ग्रुनेवाल्डला जाते. वाटेत एका फॉर्मची गोष्ट ध्यानात ठेवा. हद्दपार होण्याआधी प्रत्येकाला मालमत्तेची सोळा पानी यादी भरावी लागे: खुर्च्या, चादरी, भांडी. माणसं गेली की घराला सील लागायचं, वित्त खात्याचा माणूस यादीशी सामान ताडून पाहायचा, मग ते विकलं जायचं. एकट्या हाम्बुर्ग परिसरात किमान एक लाख लोकांनी असं ज्यूंचं सामान लिलावात घेतलं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

ग्रुनेवाल्डला खालच्या बोगद्यात 'ग्लाइस 17' (फलाट 17) अशी खूण आहे. ती चुकली तर माणूस जंगलाच्या बाजूला बाहेर पडतो. वर रुळांच्या दोन्ही कडांना 186 पोलादी पट्ट्या आहेत, प्रत्येकीवर हद्दपारीच्या एका गाडीची तारीख, माणसांची संख्या, गाव. सगळ्या गाड्या इथूनच सुटल्या असं समजू नका. बर्लिनच्या इतर स्टेशनांवरून गेलेल्याही यात धरल्या आहेत. पहिली 18 ऑक्टोबर 1941 ची, 1251 जण, पोलंडमधलं लोड्झ. भाडं रेल्वे किलोमीटरच्या हिशेबाने लावत असे. लहान मुलांना अर्धं, चार वर्षांखालच्यांना माफ, चारशेच्या वर माणसं असली की गटाची सवलत.

शेवटची पट्टी 27 मार्च 1945 ची आहे. टेरेझीन, 18 माणसं. तेव्हा सोव्हिएत फौजा ओडर नदीवर येऊन थांबल्या होत्या, बर्लिनपासून जेमतेम सत्तर किलोमीटरवर. तरी कोणीतरी ती यादी टंकली, कोणीतरी डबा जोडला.